मेजर, सरकार किती हवं?

गावात मला सगळे मेजर म्हणतात. मी मेजर नव्हतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. पण आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, म्हणून मीही लोकांना दुरुस्त करणं सोडून दिलं. नाशिक जिल्ह्याच्या पूर्व भागात आमची वडिलोपार्जित जमीन आहे. तिथे धाकट्या भावाबरोबर कांदा करतो. एकादशी धरतो, सप्ताहात टाळ घेऊन उभा राहतो, राष्ट्रगीत लागलं की टाचा आपोआप जुळतात. आणि सरकार लहान असावं, असं माझं ठाम मत आहे.

या शेवटच्या वाक्याला पारावरची मंडळी चमकतात. ज्यानं सरकारचा गणवेश घातला, सरकारची बंदूक हातात धरली, तोच सरकार कमी करा म्हणतो? देशावर प्रेम करणाऱ्यानं सरकारच्या मागे उभं राहावं, अशी साधी समजूत असते. माझ्या बाबतीत देशप्रेम आणि सरकारबद्दलची सावधगिरी या दोन्ही गोष्टी एकाच घरात वाढल्या. त्या कशा वाढल्या ते सांगतो.

आणीबाणी आली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. दिल्लीत काय चाललंय, कोण तुरुंगात गेलं, यातलं आमच्यापर्यंत फारसं आलं नाही. आमच्यापर्यंत आले ते शाळेतले गुरुजी. गुरुजींना नसबंदीच्या केसेस आणायच्या होत्या, नाहीतर पगार अडकणार होता. आम्ही चार भावंडं, त्यामुळे वडिलांचं नाव यादीत वर होतं. गुरुजी भला माणूस. ओट्यावर बसून चहा घेत आणि खाली मान घालून म्हणत, "आबा, माझ्यावरही वरून दट्ट्या आहे." एक दिवस गाडी येणार अशी कुणकुण लागली आणि वडील मामाच्या गावाला निघून गेले. आई दारात उभी राहून सांगत होती, घरधनी कामाला गेलाय. खोटं न बोलणारी माझी आई सरकारशी खोटं बोलताना मी तेव्हा पाहिली.

पुढे फौजेत, वाचनाची सवय लागल्यावर, त्या काळाबद्दल कळत गेलं. महाराष्ट्राच्या विधिमंडळानं 1976 साली तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं सांगितलं, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही नागरिकाला न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्नांनी विरोधी निकाल दिला आणि त्याची किंमत मोजली. सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावललं गेलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. सीमेवरच्या शौर्याच्या गोष्टी आम्हाला रोज ऐकायला मिळायच्या. त्या रांगेत मी मनातल्या मनात खन्नांनाही बसवलं आहे.

नंतर आला नोव्हेंबर 1980. शरद जोशी नावाचा, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेतली स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करणारा माणूस आमच्या जिल्ह्यात येऊन उसाला टनामागे 300 रुपये मागत होता, कांद्याला भाव मागत होता. मुंबई-आग्रा रस्ता अडला, रेल्वे अडली, तुरुंग भरले, गोळीबारात शेतकऱ्यांचे जीव गेले. वडीलही रस्त्यावर बसले होते आणि त्यांनाही पकडून नेलं होतं. सुटून आले तेव्हा त्यांच्या तोंडी एकच होतं: भीक नको, घामाचे दाम हवेत. मी पंधरा वर्षांचा. तोवर मला वाटायचं, शेतकरी गरीब आहे कारण सरकार त्याच्याकडे लक्ष देत नाही. वडील सांगू लागले, सरकार फार लक्ष देतं, म्हणून आपण गरीब आहोत. भाव वाढायला लागले की निर्यात बंद होते, व्यापाऱ्याच्या साठ्यावर मर्यादा येते, बाहेरून माल येतो. भाव पडले की मात्र कोणी येत नाही.

शरद जोशींचं सगळंच मला पटलं असं नाही. देवाधर्माकडे, घराच्या परंपरांकडे पाहण्याची त्यांची नजर माझ्यापेक्षा वेगळी होती. मी जुन्या वळणाचा माणूस आहे. पण माणसाला मोकळं सोडा, तो आपलं बघून घेईल, हा त्यांचा विश्वास आमच्या घरात कायमचा मुक्कामाला आला.

1984 मध्ये मी बेळगावला भरती झालो. फौजेत मोकळेपणा नावालाही नसतो. उठायचं कधी, केस किती ठेवायचे, पत्रात काय लिहायचं नाही, सगळं ठरलेलं. घटनेच्या 33व्या कलमाप्रमाणे सैनिकाच्या मूलभूत हक्कांवर संसद मर्यादा घालू शकते, हे शिकवलं गेलं तेव्हा माझ्या मनात काही खुपलं नाही. मी सही करून गेलो होतो. समोर शत्रू आहे, हुकूम ऐकला नाही तर शेजारचा मरेल, तिथे चर्चा चालत नाही. पण हुकमाखाली राहिल्यामुळेच मला एक पक्कं कळलं. हुकूम ही पलटणीतली गोष्ट आहे. ती गावात, शेतात, स्वयंपाकघरात आली की देशाची छावणी होते. छावणीत राहायला मी तयार झालो, ते माझ्या मागे कोणालातरी छावणीत राहावं लागू नये म्हणून.

मी बर्फात ड्यूटीवर असताना 1986 च्या हिवाळ्यात घरून अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर बहिणीचं, सांगणं आईचं. चांदवडला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं बायकांचं अधिवेशन भरवलं होतं आणि आई गेली होती. मुलाच्या लग्नाखेरीज गाव न सोडणारी बाई शेजारणींबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली आणि लाखो बायका पाहून आली. काही वर्षांनी संघटनेची लक्ष्मीमुक्ती मोहीम आली. नवऱ्यानं आपल्या हातानं बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा. कायद्याची सक्ती नाही, अनुदान नाही, अधिकारी नाही. गावात अशी शंभर घरं झाली की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. वडिलांनी दीड एकर आईच्या नावावर केलं. आजोबा कुरकुरले, भावकीत हसू झालं, पण सातबाऱ्यावर आईचं नाव लागलं. शेकडो गावांत हे घडलं. समाज सुधारायचा तर कायद्याचा दंडुका लागतोच असं कोणी म्हटलं, की मी आईचा सातबारा काढून दाखवतो.

पेन्शनवर आलो ते साल 2000. घरी आल्यावर पहिली इच्छा होती दारात तिरंगा लावण्याची. इतकी वर्षं रोज ध्वजाला सलामी दिली होती. सकाळी उठून अंगणात तो दिसावा, एवढंच. तेव्हा ग्रामपंचायतीत विचारलं तर कळलं, की खासगी माणसाला 15 ऑगस्ट, 26 जानेवारी अशा मोजक्या दिवशीच झेंडा लावता येतो. इतर दिवशी तो सरकारी इमारतींवर आणि ठरलेल्या अधिकाऱ्यांच्या घरांवर. ज्या ध्वजासाठी मरण्याची परवानगी मला होती, तो माझ्या दारात लावण्याची नव्हती.

ही कोंडी फोडली ती नवीन जिंदाल या उद्योजकानं. रायगडच्या, म्हणजे आताच्या छत्तीसगडमधल्या, कारखान्यावर त्यानं झेंडा लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तो न्यायालयात गेला. वाद चालू असतानाच 26 जानेवारी 2002 पासून नवी ध्वजसंहिता आली आणि सामान्य नागरिकाला वर्षभर झेंडा लावता येऊ लागला. जानेवारी 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की मानानं ध्वज फडकवणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे. मी पहिल्या दिवसापासून लावतो. सकाळी चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. 2022 पासून रात्रीही ठेवायला परवानगी आहे, पण माझा हात जुन्या सवयीनं संध्याकाळी दोरीकडे जातो. माझं देशप्रेम अडवलं ते नियमानं आणि मोकळं केलं ते एका नागरिकाच्या हट्टानं, हे मी विसरलेलो नाही.

आता याची दुसरी बाजू. नोव्हेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चित्रपटगृहात राष्ट्रगीत सक्तीचं केलं. त्या हिवाळ्यात नाशिकला पुतण्याबरोबर सिनेमाला गेलो होतो. राष्ट्रगीत लागलं, मी सावधानमध्ये उभा. पुढच्या रांगेत एक जण बसून राहिला. मागून कोणीतरी त्याला आईवरून शिवी हासडली आणि पाठोपाठ आणखी दोघांनी. राष्ट्रगीत चालू असताना हे चाललं होतं. बसलेला माणूस निदान गप्प होता. अपमान कोणी केला, हा प्रश्न मी पुतण्याला घरी येताना विचारला. जानेवारी 2018 मध्ये त्याच न्यायालयानं सक्ती मागे घेतली, तेव्हा मला बरं वाटलं. मी आजही उभा राहतो. उभं राहणं माझं आहे. दुसऱ्याला उभं करणं हे माझं काम नाही आणि सरकारचंही नाही. कॉलर धरून उभं केलेल्या माणसाच्या टाचा जुळतात, बाकी काही जुळत नाही.

पण माझी मतं पक्की केली ती कांद्यानं. शहरातल्या वाचकाला कांदा म्हणजे भाजी वाटते. दिल्लीला कांदा म्हणजे मतपेटी. 1980 च्या लोकसभा निवडणुकीत त्याच्या भावावर प्रचार झाला, 1998 मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता जाण्यात त्याचा वाटा होता. तेव्हापासून कोणत्याही पक्षाचं सरकार असो, कांदा चढायला लागला की त्यांच्या पोटात गोळा येतो.

जून 2020 मध्ये केंद्रानं अध्यादेश काढला. कडधान्यं, तेलबिया, बटाटा यांच्यासोबत कांदाही आवश्यक वस्तू कायद्याच्या रोजच्या कचाट्यातून बाहेर काढला. हा कायदा 1955 चा. संघटना चाळीस वर्षं जे मागत होती, त्यातलं थोडं पदरात पडलं म्हणून आम्ही पेढे वाटले. 14 सप्टेंबरला, म्हणजे शंभर दिवस जेमतेम उलटले असताना, निर्यातबंदी आली. बांगलादेशच्या सीमेवर कांद्याच्या गाड्या उभ्या राहिल्या. ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा आली, घाऊक व्यापाऱ्याला 25 टन, किरकोळ विक्रेत्याला 2 टन. एका हातानं दिलेलं स्वातंत्र्य दुसऱ्या हातानं काढायला सरकारला कायदा बदलावाही लागला नाही. निर्यात थांबवायला 1992 चा परकीय व्यापाराचा कायदा होताच. पुढे हा बदल ज्यांपैकी एक होता, ते शेतीचे तिन्ही कायदेही 2021 च्या शेवटी मागे घेतले गेले.

2023 चं साल तर आमच्या घरात तारखेवार पाठ आहे. 19 ऑगस्टला निर्यातीवर 40 टक्के शुल्क. जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद. ऑक्टोबरच्या शेवटी किमान निर्यातमूल्य टनाला 800 डॉलर. आणि 8 डिसेंबरपासून सरसकट बंदी. ती इतकी जिव्हारी का लागली हे समजायला कांद्याचा स्वभाव कळावा लागतो. उन्हाळी कांदा मार्च ते मेमध्ये निघतो, चाळीत भरला की पाच-सहा महिने टिकतो. भाव नसला तर शेतकरी थांबू शकतो. डिसेंबरात येतो तो लाल कांदा. त्याला टिकच नाही. काढला, की पंधरा-वीस दिवसांत विकायचा, नाहीतर मोड येतात, सड लागते. बंदी नेमकी तेव्हा आली. भावाचा 80 क्विंटल माल निघायचा होता. बंदीच्या आधीच्या लिलावात आमच्याकडे क्विंटलला 3800 पर्यंत बोली गेली होती. पुढच्या आठवड्यात भाऊ ट्रॉली घेऊन गेला तर 2000 वर थांबली. पट्टी घेऊन घरी आला, जेवला नाही.

आम्ही दोघांनी रात्री हिशेब केला. क्विंटलमागे 1800, म्हणजे 1 लाख 44 हजार. केंद्राच्या सन्मान निधीचे वर्षाला 6000 आणि राज्याचे 6000 भावाच्या खात्यात येतात. मला पेन्शन असल्यामुळे मी त्यात बसत नाही. 12 हजारांच्या हिशेबानं एका आठवड्यात बारा वर्षांचा सन्मान गेला. भाऊ म्हणाला, "दादा, ते पैसे देऊ नका म्हणावं, अन् आपला कांदा जाऊ द्या म्हणावं." यापेक्षा नेमकं आर्थिक धोरण मी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेलं नाही. बंदी 4 मे 2024 ला उठली, पण 550 डॉलरचं किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण गेलं ते 1 एप्रिल 2025 ला. दरम्यान गिऱ्हाईक थांबत नाही. बांगलादेशानं दुसरीकडून माल घेतला आणि आपल्याकडे कांद्याची लागवड वाढवण्याच्या मागे लागला. गमावलेलं गिऱ्हाईक परत आणायला सरकार कुठलाही अध्यादेश काढू शकत नाही.

यावर आमच्या पारावर एक नाना आहेत, ते नेहमी मला पकडतात. "मेजर, पेन्शन सरकारची, कॅन्टीन सरकारचं, अन् भाषण सरकार नको!" नानांचा प्रश्न रास्त आहे, त्याला मी टाळत नाही. सरकार नको असं मी कधी म्हटलेलं नाही. सीमा राखणं हे एकट्यादुकट्याचं काम नव्हे, ते सरकारनंच करायचं. मी ते काम केलं, ठरलेला मोबदला घेतो. चोर पकडावा, भांडणाचा निकाल लावावा, रस्ता करावा, मापात पाप होऊ देऊ नये, जमिनीची नोंद चोख ठेवावी. ही कामं सरकारनं करावीत आणि जोरात करावीत. माझी तक्रार ही, की या कामांत सरकार दुबळं आहे.

वडील गेल्यावर वारसनोंदीसाठी मी एका सरकारी कार्यालयाचे उंबरे झिजवले. कधी साहेब दौऱ्यावर, कधी कागद अपुरा, कधी सर्व्हर बंद. बांधाचा वाद होता म्हणून मोजणीची फी भरली, तर मोजणीची तारीखच लागेना. शेजाऱ्यानं बांध कोरला, मी नोटीस दिली, वकील म्हणाले, "मेजर, कोर्टात गेलात तर निकाल पोरं ऐकतील." शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत. शेवटी गावातल्या चार जुन्या माणसांनी दोघांना बसवलं, दोरी टाकली, दगड रोवला आणि प्रश्न मिटला. ज्या सरकारला माझ्या शेताची हद्द सांगता येत नाही, ते माझ्या कांद्याचा योग्य भाव मात्र दिल्लीत बसून ठरवतं. जिथे हवं तिथे सापडत नाही, जिथे नको तिथे आधी हजर.

याच्या मुळाशी मालकीचा प्रश्न आहे. आपल्या मूळ घटनेत मालमत्तेचा हक्क मूलभूत होता. 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीनं नववं परिशिष्ट आलं आणि त्यात टाकलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या कसोटीपासून कवच मिळालं. 1978 च्या 44व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढला. आता 300-अ कलमाखाली तो साधा कायदेशीर हक्क आहे. गंमत अशी, की हीच 44वी दुरुस्ती आणीबाणीचे चटके पुन्हा बसू नयेत म्हणून आली. एका हातानं माणसाची अटक सोडवली, दुसऱ्या हातानं त्याच्या जमिनीवरची पकड ढिली केली. अमर हबीब यांचं किसानपुत्र आंदोलन सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द करा म्हणतं, तेव्हा लोकांना ते टोकाचं वाटतं. मला ते सौम्य वाटतं.

मोकळेपणाची बाजू घेणाऱ्या जुन्या वळणाच्या माणसाची खरी परीक्षा कांद्यावर होत नाही. कांद्यावर आमचं पोट आहे, तिथे कोणीही स्वातंत्र्यवादी होईल. परीक्षा बैलावर होते. मार्च 2015 मध्ये राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी लागू झाली. माझ्या घरात पोळ्याला बैलाची आरती होते. आमचा म्हातारा बैल गोठ्यातच गेला आणि आम्ही त्याला बांधावर पुरलं. कसायाला जनावर दिल्याचं आमच्या घराण्यात कोणाला आठवत नाही. तरी मी सप्ताहाच्या मांडवात सांगितलं, की हा कायदा मला पटत नाही. माझं दावणीचं जनावर मी कसायाला देत नाही, तो माझा धर्म. पण दोन एकराच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा बैल थकला की तो विकून आलेल्या पैशात भर घालून तो नवा घेत असे. ते गिऱ्हाईक कायद्यानं नाहीसं केलं आणि म्हाताऱ्या बैलाचा चारा मात्र त्याच्याच डोक्यावर ठेवला. बरीच मंडळी नाराज झाली. बुवांनी दोन दिवस अबोला धरला. माझं म्हणणं एवढंच, की पोलिसाच्या धाकानं पाळलेला धर्म हा धर्म उरत नाही. आणि आज माझ्या आवडीची सक्ती चालवून घेतली, तर उद्या नावडतीला कोणत्या तोंडानं विरोध करू?

नाना म्हणतात, सरकार मागे सरलं तर गरिबाला कोण? प्रश्न टाळण्यासारखा नाही. दुष्काळात टँकर लागतो, दवाखाना लागतो, हे मी मानतो. पण माझ्या गावात आजवर टिकलेल्या गोष्टी पाहतो तेव्हा त्यांतल्या बऱ्याच वर्गणीवर उभ्या आहेत. सप्ताहाला सात दिवस गावजेवण असतं. घरटी शिधा, कोणाचे गहू, कोणाची डाळ, पंगतीला कोणी उपाशी उठत नाही. शाळेची जुनी खोली लोकांनी दगड वाहून बांधली, ती अजून उभी आहे. पलीकडे आमदार निधीतून झालेलं सभागृह आहे. त्याच्यावर नावाची पाटी मोठी, दाराला कुलूप आणि किल्ली कोणाकडे हे कोणालाच माहीत नाही. आमच्याकडे एखाद्याची पेरणी अडली की गावची औतं त्याच्या रानात उतरत, त्याला इर्जिक म्हणत. घेणाऱ्याला लाज वाटत नसे, कारण पुढच्या वर्षी त्याचंही औत दुसऱ्याच्या रानात असे. आता अडलेला माणूस शेजाऱ्याकडे न जाता यादीत नाव आलं का ते पाहायला जातो. यादी लावणाऱ्याचे उपकार होतात, शेजाऱ्याची सवय मोडते.

पैशाचंही तसंच. जुलै 2024 पासून बायकांच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये येतात. ते घेणाऱ्या बाईला मी बोल लावत नाही. तिच्या घरचा कांदा पडत्या भावानं गेलेला असतो, तिला ते हवेच असतात. पण राज्याच्या 2025-26 च्या अंदाजपत्रकात कर्जाचा आकडा नऊ लाख कोटींच्या पुढे गेला आहे. ते आज पाळण्यात असलेली पोरं फेडणार. माझे वडील मुलांच्या नावानं कर्ज काढणाऱ्याच्या घरी सोयरीक करत नसत. देशावर प्रेम असेल तर त्याच्या पुढच्या पिढीच्या खिशातही हात घालू नये, एवढा साधा हिशेब मी मांडतो.

माझी मतं कोणत्या पक्षात बसतात ते मला ठाऊक नाही. राजाजींच्या, मिनू मसानींच्या स्वतंत्र पक्षात बसली असती, तो 1974 मध्येच संपला. शरद जोशींनी 1994 मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, त्याला फारशी मतं मिळाली नाहीत. आज जो निवडून येतो तो आणखी देण्याचं बोलून येतो आणि आल्यावर देण्याआधी घेतो. म्हणून मी पक्ष सोडून वाचकांशीच बोलतो.

टीव्हीवर पुढच्या वेळी कांदा शंभरीला गेल्याची बातमी येईल, स्वयंपाकघरातल्या बाईचा हताश चेहरा दाखवतील आणि सरकार काय करतंय असं विचारतील. तेव्हा तुमच्या तोंडून बंदी हा शब्द निघू देऊ नका. महिनाभर भाजीत कांदा निम्मा घाला. भाव चढला की शेतकरी पुढच्या हंगामात जास्त लावतो आणि तो आपोआप उतरतो, हे त्याला शिकवायला कोणाची गरज नसते. आणि 15 ऑगस्टला झेंडा लावाल तेव्हा एवढं ध्यानात असू द्या, की तो तुमच्या दारात लावायचा हक्कसुद्धा एका नागरिकाला सरकारशी भांडून मिळवावा लागला होता.